चौकोनांची पट्टी

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातली माझी रूममेट म्हणाली तेव्हा मी तिला वेड्यातच काढलं. मी कॉन्व्हेंटची! घरी मराठीत बोलते, भांडते, रडते, पण लिहायची वेळ आली की ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत घाम फुटतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द न अडखळता बरोबर लिहायला मला विसावं वर्ष लागलं. तो कसा शिकले, तेच सांगते.

विषय आहे – डॉकर कंटेनरसाठी बेस इमेज कशी निवडावी. थांबा, पान उलटू नका! मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी तर मुळीच नाही. यात कांदा आहे, शिरूरचा बाजार आहे आणि माझी भरबाजारात झालेली फजितीही आहे.

आमचं घर शिरूरला. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. नदीवरचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, नगरचा लागतो (२०२४ पासून अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला अजून वळण लागायचंय). बाबा रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला आणि मोठे काका मार्केटमध्ये आडतदार. प्रोजेक्टमधला माझा पार्टनर दौंडचा. त्याच्या गावाला रेल्वेचं जंक्शन आहे आणि माझ्या गावाला रेल्वेच नाही, हे तो दिवसातून एकदा तरी ऐकवतो. मी त्याला आमचा कांदा ऐकवते.

टी.ई.च्या मिनी-प्रोजेक्टला काहीतरी ‘रिअल लाइफ’ हवं होतं. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम करून करून आधीच्या बॅचेसनी तिचा चोथा केला होता. मी म्हटलं, काकांच्या गाळ्यासाठी पट्टीचं सॉफ्टवेअर करू.

पट्टी म्हणजे काय, हे शहरी मित्रांसाठी सांगते. शेतकरी माल आणतो, लिलाव होतो, मापाडी वजन करतो आणि मग आडतदार एक कागद देतो. त्यावर शेतकऱ्याचं नाव, गाव, वक्कल, गोण्या, वजन, भाव, एकूण रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि आधी घेतलेली उचल वजा, आणि खाली निव्वळ. हा कागद म्हणजे माल विकल्याचा पुरावा. २०२३ साली राज्य सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान दिलं. तेव्हा अर्जाला सातबाऱ्याबरोबर विक्रीची पट्टी जोडायची होती. पट्टीवरचं नाव आणि तारीख बरोबर असेल तर पैसे, नाहीतर चकरा. काका कार्बन घातलेल्या पुस्तकात बॉलपेनने पट्ट्या लिहायचे. पुस्तकाचा कोपरा कायम हळदीच्या रंगाचा.

आम्ही पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. फॉर्म भरायचा ब्राउझरमध्ये, आणि बटण दाबलं की सर्व्हरवर पट्टीची पीडीएफ तयार होऊन गाळ्यातल्या प्रिंटरवर यायची. सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेलं एक छोटंसं मशीन, १ जीबी रॅमचं. त्यावर चढवायचं म्हणजे डॉकर आलंच.

प्रोग्रॅम कधीच एकटा नसतो हो. त्याला पायथन लागतं, पायथनला सी लायब्ररी, पीडीएफला आणखी पाचपन्नास लायब्ऱ्या. हे सगळं बिऱ्हाड एका पेटीत बांधून नेण्याची सोय म्हणजे कंटेनर. कर्नल तेवढा यजमान मशीनचा, बाकी सगळं पेटीतलं. डॉकर २०१३ साली आलं आणि ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ हे इंजिनिअरिंगमधलं सर्वांत जुनं खोटं बोलायची सोय गेली, असं म्हणतात. (गेली नाही. पुढे वाचा.) डॉकरफाइलची पहिली ओळ असते ‘फ्रॉम’. कोणत्या पायावर घर बांधायचं ते तिथे लिहायचं. तो पाया म्हणजे बेस इमेज.

पुण्यात खोली शोधलेल्या कोणालाही हा प्रकार लगेच कळेल. पायथनची पूर्ण डेबियनवाली इमेज म्हणजे फर्निश्ड फ्लॅट. कम्पायलर आहे, गिट आहे, ढीगभर हेडर फायली आहेत, भाडं मात्र १ जीबीच्या आसपास. डेबियन स्लिम म्हणजे वन आरके. ओटा आणि नळ आहे, भांडीकुंडी आपली. नुसती स्लिम पाऊणशे एमबीच्या आसपास, वर पायथन घेतलं तरी दीडशेच्या आत. अल्पाइन म्हणजे कॉट बेसिस. नुसती घेतली तर ८ एमबीच्या आसपास! गुगलची डिस्ट्रोलेस नावाची एक असते, तिच्यात शेलच नसतो. चोराला आत शिरून करण्यासारखं काही नाही हे खरं, पण बिघाड झाला तर आपल्यालाही आत जाऊन बघता येत नाही. आणि ‘स्क्रॅच’ म्हणजे मोकळा प्लॉट. गो भाषेतला एकसंध प्रोग्रॅम तिथे तंबू ठोकून राहतो, पायथनला ते जमत नाही.

आता मी कोणती निवडली असेल, ओळखा! आमच्या वर्गात तेव्हा कोणाची इमेज किती लहान याची चढाओढच लागली होती. मुलं एकमेकांना एमबी विचारायची. पायथनची तयार अल्पाइन इमेजसुद्धा मला जाड वाटली. मी थेट रिकाम्या अल्पाइनवर हाताने पायथन चढवलं. दौंडवाला म्हणत होता, ‘स्लिम घे ना, कशाला हवेत हे उपास?’ मी ऐकलं नाही.

अल्पाइन लहान का, तर तिची सी लायब्ररीच वेगळी. डेबियन-उबंटूवर जीलिबसी असते, जुनी, मोठी, सगळं सांभाळणारी. अल्पाइनवर मसल नावाची लायब्ररी असते, नेटकी आणि छोटी. पण जीलिबसीसाठी बांधून ठेवलेली पायथनची पॅकेजेस (त्यांना व्हील म्हणतात) मसलवर चालत नाहीत. मसलसाठी वेगळी व्हील्स असावीत हे पीईपी ६५६ मध्ये २०२१ साली ठरलं आणि आता बहुतेक मोठ्या लायब्ऱ्यांची मिळतात. आमच्या एका आडवळणी लायब्ररीचं नव्हतं. मग ती सोर्सवरून कम्पाइल करणं आलं. शिरूरच्या घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, लॅपटॉपचा पंखा इंजिनासारखा घरघरत, चाळीस मिनिटं. आजी म्हणाली, ‘त्याला ताप आलाय का गं?’ मी ते सगळं अभिमानाने सोसलं. शेवटी इमेज झाली ११८ एमबीची. वर्गात सगळ्यांत लहान. मी स्टेटस ठेवलं.

चाचणीही केली बरं का. लॅपटॉपवर मराठी पट्टी झकास आली. मग सर्व्हरवर चढवल्यावर पुन्हा एकदा करून बघितली. शेतकऱ्याचं नाव ‘टेस्ट फार्मर’, गाव ‘शिरूर’, दोन्ही इंग्रजी लिपीत, कारण माझा कीबोर्ड इंग्रजी आणि माझं डोकंही इंग्रजी. सॉफ्टवेअरला इंग्रजी आणि मराठी अशी दोन बटणं होती. मी इंग्रजी दाबलं, सुंदर पट्टी आली. दुसरं बटण तिथे दाबून बघावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मार्चमधली सकाळ. नवा कांदा यायला लागला होता आणि उजाडायच्या आत टेम्पोंची रांग लागली होती. मी पावणेपाचला काकांच्या शेजारी कॉम्प्युटरपुढे, डोळ्यांत झोप आणि मनात ‘आज इतिहास घडणार’ वगैरे. आवक नोंदवायला सुरुवात केली. चार-पाच गाड्या झाल्यावर काका पडद्याकडे बघत म्हणाले, ‘बाई, आज तेवीस ना? मग ही बावीस कुठली काढलीस?’

मी म्हटलं, ‘रिफ्रेश होईल.’ (आमच्या क्षेत्रात हे ‘बघतो, करतो’च्या जागी वापरतात.)

साडेपाचनंतर खरंच तेवीस आली. मी सुटकेचा श्वास सोडला. पण साडेपाचच का, हा विचार केला नाही. तुमच्यातल्या हुशारांना कळलं असेल. भारताची वेळ युटीसीच्या साडेपाच तास पुढे. माझ्या कंटेनरला ‘आशिया/कोलकाता’ ही वेळ वापर असं मी सांगितलं होतं, पण जगभरच्या वेळांची यादी ज्या पॅकेजमध्ये असते ते टीझेडडेटा नुसत्या अल्पाइनमध्ये नसतंच. ज्या पायथन-अल्पाइनला मी जाड म्हणाले होते तिच्यात ते असतं! यादी सापडली नाही म्हणून कंटेनर गुपचूप युटीसीवर चालत राहिला. त्याच्या मते पहाटेपर्यंत कालचाच दिवस होता. लिलाव कालचा, भाव कालचा. अनुदानाच्या शेवटच्या दिवसानंतरच्या सकाळी हे झालं असतं तर? तेव्हा मी हा हिशेब केला नव्हता. काकांनी केला होता. ते काही बोलले नाहीत एवढंच.

लिलाव झाला, वजनं आली. काकांनी पहिल्या पट्टीसाठी ‘मराठी’ बटण दाबलं. प्रिंटर घुर्र घुर्र करत कागद बाहेर टाकू लागला. कागदावर होते चौकोन. नावाच्या जागी चौकोन, गावाच्या जागी चौकोन, ‘हमाली’च्या जागी चौकोन. आकडे तेवढे ठीक होते, आणि वर इंग्रजीत ‘मार्च’. काका म्हणाले, ‘एवढा महिनाच तेवढा साहेबी निघाला!’

हमाल हसले. मी नाही हसले. कारण समोर मावशी उभ्या होत्या.

या मावशी नात्यातल्या नाहीत, पण काकांकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या. मालक गेल्यावर जमीन त्यांच्या नावावर चढली होती. माल मात्र दिराच्या टेम्पोतून यायचा म्हणून पट्टी दिराच्या नावावर निघायची. या वर्षी त्यांनी काकांना सांगितलं होतं, पट्टी माझ्या नावावर काढा. टेम्पोचं भाडं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला.

‘पोरी, ह्यात माझं नाव कुठाय?’

मी एका रांगेवर बोट ठेवलं. ‘हे... हे मावशी.’

‘ही तर नुसती घरं हायेत गं.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

काकांनी गल्ल्याखालून कार्बनचं पुस्तक काढलं आणि दुसरं पुस्तक माझ्यापुढे टाकलं. ‘लिही. माणसं खोळंबलीत.’ त्या सकाळी मी चौदा पट्ट्या हाताने लिहिल्या. मराठी अक्षर दुसरीतल्या मुलासारखं. एका जागी मी ‘शेतकर्याचे’ असं रफार देऊन लिहिलं. काकांनी खाडाखोड करून दाखवलं. ‘हा रफार नाही. आचार्यांना बोलव म्हटलं तर विद्वान माणूस येईल, आचाऱ्यांना म्हटलं तर स्वयंपाकी. ह्या ‘र’ला नुसता वाकडा पाय.’ मावशींची पट्टी मी सगळ्यांत सावकाश लिहिली.

दुपारी दौंडवाला एसटीने आला. ‘सांगितलं होतं’ हे दोन शब्द तो बोलला नाही, त्याबद्दल त्याचे जाहीर आभार.

चौकोनांचं कारण पाच मिनिटांत कळलं. फॉन्टमध्ये जे अक्षर नाही त्याच्या जागी चौकोन येतो. फॉन्टवाले त्याला टोफू म्हणतात आणि नोटो फॉन्टचं नावच मुळी ‘नो टोफू’वरून आलंय. माझ्या कंटेनरमध्ये मी एकच फॉन्ट टाकला होता, डेजाव्हू. त्यात देवनागरी नाही. मग लॅपटॉपवर मराठी कसं दिसलं? उबंटूने डेस्कटॉपबरोबर फॉन्ट दिले होते म्हणून. गाळ्यातल्या पडद्यावर कसं दिसलं? ब्राउझर विंडोजचा फॉन्ट वापरत होता म्हणून. पीडीएफ मात्र कंटेनर बनवत होता, आणि तिथे मराठी जन्मालाच आलं नव्हतं. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ – घ्या!

मला अजून हट्ट होता. फॉन्टची एक फाइल प्रोग्रॅमसोबतच ठेवू आणि पीडीएफची जड लायब्ररी काढून हलकी घेऊ, म्हणजे इमेज आणखी लहान! करून बघितलं. चौकोन गेले, पण ‘शिरूर’ची पहिली वेलांटी ‘श’च्या मागे जाऊन ‘रू’ला चिकटली आणि ‘शेतकऱ्याचे’मधला ‘ऱ’ पाय मोडून वेगळा पडला. कारण देवनागरी म्हणजे एकापुढे एक ठेवलेली अक्षरं नव्हेत. वेलांटी टाइप होते नंतर, पण बसते आधी. जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. हे जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, तिच्यावर पँगो, तिच्यावर आमची आधीची वीझीप्रिंट. जिला मी ‘जड’ म्हणून हाकलत होते तिचं अर्धं वजन आपली अक्षरं नीट बसवण्यासाठीच होतं. दौंडवाला म्हणाला, ‘तुझ्या गावाचं नाव तुझ्याच प्रोग्रॅमला लिहिता येईना.’ एवढा टोमणा त्याला माफ.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अल्पाइनवरसुद्धा हे सगळं दुरुस्त होत होतं. टीझेडडेटा टाकायचं, नोटोचं देवनागरी पॅकेज टाकायचं, दोन ओळींचं काम. अल्पाइनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जगात कितीतरी सर्व्हर तिच्यावर सुखाने चालतात, आणि पॅकेजेस कमी म्हणजे सुरक्षेची भोकंही कमी, हे खरंच आहे. मी दोन ओळी टाकल्यासुद्धा. पण मग तो ‘साहेबी’ महिना उरला.

महिना मराठीत छापायचा तर प्रोग्रॅमला सांगावं लागतं की लोकेल ‘एमआर-आयएन’, म्हणजे भारतातली मराठी, वापर. अल्पाइनवर सांगितलं. ती ‘हो’ म्हणाली. एरर नाही, इशारा नाही. आणि छापलं पुन्हा इंग्रजीतच. आम्ही तासभर आमचाच कोड तपासत बसलो. मग वाचता वाचता सापडलं की मसल कोणतंही लोकेल मागा, मान डोलावते. नाव लक्षात ठेवते, काम आपल्या नेहमीच्या पद्धतीने करते. गंमत म्हणून मी एका काल्पनिक भाषेचं नाव दिलं. तिलाही ‘हो’!

मग तीच ओळ डेबियन स्लिमवर चालवली. तिने सरळ एरर तोंडावर फेकली – हे लोकेल इथे नाही. मी दौंडवाल्याकडे बघितलं. इमेज तिथे ठरली.

कारण मला ती ‘हो’ ओळखीची होती. लहानपणी आजी ओव्या म्हणायची, गोष्टी सांगायची, मध्येच थांबून विचारायची, ‘कळलं का गं?’ आणि मी शाळेतली शहाणी, निम्मे शब्द डोक्यावरून गेलेले असताना मान हलवायचे. तिला वाटायचं कळलं.

डेबियन स्लिम सर्वगुणसंपन्न आहे असं समजू नका. ती ‘स्लिम’ कशाने होते माहीत आहे? मॅन्युअलची पानं, कागदपत्रं आणि निरनिराळ्या भाषांतल्या संदेशांच्या फायली वगळून. म्हणजे वजन कमी करायचं ठरलं की पहिली कात्री तिथेही भाषांवरच! तिच्यातही मराठी फॉन्ट नसतोच आणि चौकोन तीही गुपचूपच छापते. त्यामुळे लोकेल तयार करून घेतलं, पँगो टाकली आणि फॉन्ट म्हणून लोहित देवनागरी घेतला. लोहित म्हणजे लाल. रेड हॅटने २००४ साली हे भारतीय भाषांचे फॉन्ट खुले केले, त्यांच्या पुण्यातल्या मंडळींनी ते वर्षानुवर्षं सांभाळले आणि २०११ साली ते खुल्या फॉन्ट परवान्याखाली आले. पुण्यातल्या कॉलेजात शिकून मला हे शिरूरच्या बाजारात कळावं! पानाला ‘भाषा मराठी’ असं सांगितलं की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात, हिंदी पुस्तकातल्यासारखे नाही. पाकळीचा ल आणि देठाचा श. राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून हेच वळण प्रमाण ठरवलंय. आजीला त्या निर्णयाची गरज नाही. तिने नवी पट्टी बघून एवढंच म्हटलं, ‘आता ल, ल दिसतोय.’

नवी इमेज झाली २६४ एमबीची. दुपटीहून जास्त! मला वाटलं दर वेळी हॉटस्पॉटवर एवढं चढवायचं म्हणजे काकूंच्या मालिकेचा डेटा संपणार. तसं झालं नाही. इमेज थरांची असते. बेस आणि फॉन्टचे थर एकदा चढले की तिथेच राहतात, नंतर आपण कोड बदलला तर वरचा पातळसा थर तेवढा जातो. ज्या शंभर-दीडशे एमबीसाठी मी जीव टाकत होते ते आयुष्यात एकदाच चढवायचे होते. हे पुस्तकात होतं. मी परीक्षेत लिहिलंही होतं.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या रात्री बोललो, गच्चीवर. मी पुढच्या वर्षी पास होईन, नोकरी लागली तर कुठे असेन देव जाणे. गाळा इथेच असणार. अल्पाइनच्या एका आवृत्तीला साधारण दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात. डेबियनला तीन, आणि पुढची दीर्घ मुदतीची सोय धरली तर पाच. आमच्या पायथनखाली डेबियन १२ होती, २०२३ च्या जूनमध्ये आलेली, नाव बुकवर्म. (तेरावी ट्रिक्सी २०२५ च्या ऑगस्टमध्ये आली. डेबियनवाले नावं ‘टॉय स्टोरी’मधून घेतात, एवढी एक गोष्ट मला त्यांच्याबद्दल आधीपासून माहीत होती.) अर्थात भरवसा कशाचाच पूर्ण नसतो. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील या हिशेबाने लोकांनी सर्व्हर उभे केले, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं की २०२१ च्या अखेरीस ती बंद. म्हणून डॉकरफाइलमध्ये ‘लेटेस्ट’ असं मोघम न लिहिता नेमकी आवृत्ती लिहिली, आणि खाली मराठीत टीप – कोणी कधी बदलायची आणि बदलल्यावर काय तपासायचं. तपासायच्या यादीतलं पहिलं नाव ‘टेस्ट फार्मर’ नाही. तिथे आम्ही एक बनावट मराठी नाव घातलंय, त्यात मुद्दाम एक ऱ्य, एक ज्ञ आणि दोन वेलांट्या आहेत. अशा नावाचा माणूस महाराष्ट्रात नसावा. आवक पहाटे ४:५० ची.

ओरलला प्रश्न आलाच. ‘अल्पाइन का नाही वापरली? साइज कमी झाली असती.’ मी उत्तर पाठ केलं होतं, मसल, जीलिबसी, लोकेल, सगळं. ऐन वेळी घशाला कोरड पडली. मी फाइलमधून दोन कागद काढून टेबलावर ठेवले, एक चौकोनांचा आणि एक बरोबर. सरांनी दोन्ही बघितले, चष्मा वर केला आणि दुसऱ्या कागदावरचा भाव वाचून म्हणाले, ‘एवढाच मिळाला?’ ते सासवडकडचे निघाले. मार्क बरे पडले. लहान इमेजचं बक्षीस दुसऱ्या ग्रुपला मिळालं.

मेमध्ये मावशींचा दुसरा माल आला. मी सुट्टीत घरीच होते. पट्टी निघाली, मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती परत माझ्याकडे केली. ‘वाच.’ त्यांना वाचता येतं, सावकाश. पण त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मी वाचलं. त्यांचं नाव, गाव, गोण्या, वजन, हमाली, तोलाई. ‘निव्वळ’ला मी जराशी अडखळले. त्यांनी कागदाची चार घड्या करून पिशवीत आत सरकवला.

‘नाव बराबर हाय,’ त्या म्हणाल्या. ‘भाव तेवढा तुझ्या कंप्युटरनं जरा वाढवून घातला असता, तर मानलं असतं!’